तांब्यातलं पाणी आणि नदीतला मासा

मराठीत पाणी प्यायच्या भांड्याचं नावच धातूवरून पडलं आहे. आज घरोघरी स्टीलचा असला तरी तो तांब्याच. आजोबांच्या उशाशी रात्रभर भरून ठेवलेला मात्र खरोखर तांब्याचा असायचा. सकाळी उठून अनशापोटी ते पाणी पिणाऱ्यांना कारण विचारलं तर दहा जण दहा कारणं सांगतील, पण रात्रभरात त्या पाण्यात थोडं तांबं उतरतं, एवढं नक्की. किती उतरतं, तेही मोजलेलं आहे. बंगळुरूच्या संशोधकांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात जुलाबाचे जंतू मिसळलेलं पाणी तांब्याच्या भांड्यात 16 तास ठेवलं. जंतू मेले आणि पाण्यात लिटरमागे सुमारे 177 मायक्रोग्रॅम तांबं आढळलं. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी घालून दिलेली मर्यादा लिटरला 2000 मायक्रोग्रॅम आहे. तेव्हा आजोबांना काही धोका नव्हता.

आता दुसरा आकडा. कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी 1960 च्या दशकात अटलांटिक सॅल्मन माशाची पिल्लं मऊ, म्हणजे क्षार कमी असलेल्या पाण्यात ठेवून त्यांना तांबं किती सोसतं ते पाहिलं. निम्मी पिल्लं शेवटी दगावतील अशी पातळी निघाली लिटरला 48 मायक्रोग्रॅम. तांब्याच्या भांड्यातल्या त्या पाण्यात याच्या साडेतीनपटीहून जास्त तांबं होतं, आणि माणसासाठीच्या मर्यादेत चाळीसपट बसतं.

माणसाचं औषध आणि माशाचं विष, असं मात्र हे सरळ नाही. तांबं माशालाही लागतंच. पेशीत ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करणाऱ्या साखळीतलं शेवटचं विकर तांब्याशिवाय चालत नाही. जास्तीचं तांबं बांधून ठेवणारं मेटॅलोथायोनिन नावाचं प्रथिन माशाच्या यकृतात असतं. पाऱ्यासारखं तांबं अन्नसाखळीत वरवर चढत, साठत, वाढत जात नाही. त्यामुळे तांब्याने दूषित नदीतला मासा खाऊन पाऱ्याची विषबाधा झालेल्या जपानमधल्या मिनामाताच्या कोळ्यांसारखी माणसांची दशा होईल, अशी भीती सहसा नसते. तांब्याचा मार स्वतः माशावर पडतो, आणि तो पोटातून येण्याआधी कल्ल्यांवर येतो. आपण पाणी पितो तेव्हा ते जठर, आतडं, यकृत अशा चौक्या ओलांडत जातं. मासा पाण्यातच असतो, आणि त्याच्या रक्ताच्या आणि नदीच्या मध्ये कल्ल्यांचा एक पातळ पडदा, एवढंच काय ते अंतर.

गोड्या पाण्यातल्या माशाचं आयुष्य ही मिठासाठी चाललेली न संपणारी ओढाताण असते. त्याच्या रक्तातली क्षारता समुद्राच्या पाण्याच्या साधारण एक तृतीयांश, आणि भोवतीच्या नदीत मीठ जवळपास नाहीच. नदीचं पाणी सतत त्याच्या अंगात शिरू पाहतं आणि अंगातलं मीठ सतत बाहेर झिरपू पाहतं. म्हणून हा मासा पाणी जवळजवळ पीतच नाही, पातळ लघवी मात्र भरपूर करतो, आणि कल्ल्यांतल्या खास पेशींमधून नदीतलं सोडियम कणाकणाने ओढून आत घेतो. फुटक्या होडीत बसून अखंड पाणी उपसणाऱ्या माणसासारखी त्याची गत.

तांब्याचा आयन नेमका त्या उपसणाऱ्या हातावर घाव घालतो. सोडियम ज्या वाटेने आत येतं त्याच वाटेने तोही घुसतो आणि सोडियम पुढे रक्तात ढकलणारा पंप, म्हणजे सोडियम-पोटॅशियम एटीपीएज हे विकर, बंद पाडतो. मात्रा वाढली की पेशींमधले सांधेही ढिले होतात. त्या सांध्यांना कॅल्शियमने घट्ट धरून ठेवलेलं असतं. तांबं त्याला हुसकावून लावतं. मग आत येणारं मीठ थांबलेलं आणि बाहेर जाणारं वाढलेलं, अशी दुहेरी गळती सुरू होते. रक्तातलं सोडियम सुमारे एक तृतीयांशाने घटलं की रक्तातलं पाणी ऊतींमध्ये शिरतं, उरलेलं रक्त दाट होतं, आणि ते ढकलता ढकलता हृदय थकून थांबतं. प्रदूषण प्रचंड असेल तर कल्ले सुजतात, त्यांवर बुळबुळीत थर साचतो आणि मासा पृष्ठभागावर येऊन तोंड उघडत-मिटत राहतो. काठावरून पाहणाऱ्याला वाटतं, पाण्यातला ऑक्सिजन संपला.

इथवरची गोष्ट मरणाची आहे. पण मेलेल्या माशांची गणती करून तांब्याचा हिशेब लागत नाही, हे ज्या नदीने दाखवून दिलं ती कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतातली मिरामिची.

मिरामिची सॅल्मनसाठी प्रसिद्ध. समुद्रात वाढलेले मासे अंडी घालायला आपल्या जन्माच्या ओढ्याकडे उलटे पोहत येतात. तिच्या वायव्येकडच्या फाट्यावर कर्व्हेंटन इथे मासे मोजण्यासाठी नदीत आडवं कुंपण घातलेलं होतं. वर जाणारा आणि खाली येणारा प्रत्येक मासा तिथे मोजला जाई. 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात वरच्या अंगाला धातूंची खाण सुरू झाली आणि तिचं तांबं व जस्त एका उपनदीतून या फाट्यात उतरू लागलं. त्यानंतर कुंपणावरच्या नोंदी चमत्कारिक दिसू लागल्या. आधी वर गेलेल्या सॅल्मनपैकी 1 ते 3 टक्के मासे अंडी न घालताच अवेळी परत खाली येत. प्रदूषणाच्या चार वर्षांत हे प्रमाण 10 ते 22 टक्क्यांवर गेलं. हे मासे मेलेले नव्हते, आजारीही दिसत नव्हते. हजारो किलोमीटरचा समुद्र पार करून, उपाशीपोटी नदी चढून, माहेरच्या उंबऱ्यावरून ते माघारी फिरत होते.

जॉन स्प्रेग या तरुण शास्त्रज्ञाने मग प्रयोगशाळेत एक नळी मांडली. तिच्या एका टोकाकडून स्वच्छ पाणी आणि दुसऱ्याकडून तांब्याचा अंश असलेलं पाणी सोडायचं, दोन्ही मधोमध बाहेर पडतील अशी सोय करायची आणि सॅल्मनचं पिल्लू कुठल्या बाजूला राहतं ते पाहायचं. लिटरला 2.3 मायक्रोग्रॅम तांबं असलं तरी पिल्लू ती बाजू टाळू लागलं. मारक पातळीचा हा विसावा हिस्सा. 48 मायक्रोग्रॅमची मर्यादा गृहीत धरून कुणी ‘नदी सुरक्षित आहे’ असं प्रमाणपत्र दिलं असतं, तर ते सॅल्मनला मान्य नव्हतं. स्प्रेग आणि त्यांचे सहकारी एल्सन व सॉन्डर्स यांनी 1965 मध्ये नदीतल्या नोंदी आणि प्रयोगशाळेतलं निरीक्षण एकत्र मांडलं. न मारणाऱ्या प्रदूषणाचा खऱ्या नदीवरचा परिणाम इतक्या स्वच्छपणे दाखवणारी उदाहरणं त्या काळी फारशी नव्हती.

माशाला तांबं कळतं ते वासाने. इथेच या धातूचा खरा कावेबाजपणा आहे, कारण तो ज्या नाकाला कळतो तेच नाक बधिर करतो. किंग सॅल्मन म्हणजेच चिनूक जातीच्या पिल्लांवर 1990 च्या दशकात झालेल्या प्रयोगांत दिसलं की लिटरला एखाद-दोन मायक्रोग्रॅम तांबं असलेलं पाणी ती टाळतात; पण तेच प्रमाण 44 मायक्रोग्रॅमवर गेलं की टाळेनाशी होतात. विष वाढलं आणि सावधपणा गेला. आणखी वाईट म्हणजे 2 मायक्रोग्रॅम तांब्यात काही आठवडे राहिलेल्या पिल्लांना त्यानंतर कुठलीच मात्रा टाळता आली नाही. मोरीच्या वासाची सवय झालेल्या घरात पाहुण्यालाच नाक धरावं लागतं, तसं काहीसं.

वास घेणं ही माशाची चैन नसते. मधमाश्यांच्या नाचामुळे पुढे नोबेल मिळवणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांनी 1938 मध्ये एक निरीक्षण प्रसिद्ध केलं होतं. जखमी झालेल्या एका छोट्या माशाच्या कातडीतून असं काही पाण्यात पसरलं की थव्यातले बाकीचे मासे घाबरून पांगले. या धोक्याच्या वासाला त्यांनी ‘भयद्रव्य’ अशा अर्थाचं जर्मन नाव दिलं. शिकारी माशाने एकाला चावा घेतला की इतरांना मिळणारी ही सूचना. कोहो सॅल्मनची पिल्लं हा वास येताच जागच्या जागी गोठतात, कारण हलणारं ते दिसतं आणि दिसणारं ते खाल्लं जातं. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या संशोधकांनी 2007 मध्ये या पिल्लांना केवळ तीन तास तांब्याच्या पाण्यात ठेवलं. 2 मायक्रोग्रॅमला प्रतिसाद मंदावला, 20 मायक्रोग्रॅमला पुरता नाहीसा झाला. भावंडाच्या कातडीचा अर्क समोर सोडला तरी ती पिल्लं निवांत पोहत राहिली. पुढे 2012 मध्ये त्याच परिसरात अशा पिल्लांच्या टाकीत खराखुरा शिकारी ट्राउट सोडून पाहिला. तांबं न लागलेल्या पिल्लांपेक्षा ही बधिर पिल्लं फार लवकर त्याच्या तोंडी गेली.

अशा माशाच्या मरणाच्या नोंदीत तांब्याचं नाव कुठे येणार? त्याला ट्राउटने खाल्लं, हेच खरं कारण लिहिलं जाईल.

नाकाशिवाय आणखी एक इंद्रिय आहे. माशाच्या दोन्ही कुशींवरून एक बारीक रेघ जाते. पाण्याची हालचाल टिपणाऱ्या केसपेशींची ती रांग असते, आपल्या कानाच्या आत असतात तशाच पेशींची. झेब्राफिशच्या पिल्लांत या पेशी तांब्याने काही तासांत मरतात. पाणी पुन्हा स्वच्छ झालं तर दोन-तीन दिवसांत त्या नव्याने उगवतातही, आणि नाकातल्या पेशींचंही हलका मार असेल तर तसंच होतं. हा दिलासा खरा असला तरी नदीत शिकारी दोन-तीन दिवस थांबत नाही.

मग तांब्याच्या भांड्यातल्या त्या 177 मायक्रोग्रॅममध्ये मासा मरेलच का? याचं उत्तर मराठी शेतकऱ्याच्या हातात गेली कित्येक वर्षं आहे. द्राक्ष, डाळिंब किंवा कोकणातली सुपारी लावणाऱ्याला बोर्डो मिश्रण सांगायला नको. फ्रान्सच्या बोर्दो परिसरात 1880 च्या दशकात प्येर मिलार्दे यांनी द्राक्षावरच्या केवड्यावर शोधलेला हा उपाय: एक किलो मोरचूद (तांब्याचा क्षार), एक किलो चुना, 100 लिटर पाणी. मोराच्या मानेसारखे निळे खडे विरघळवायचे, चुन्याची निवळी वेगळी करायची, दोन्ही एकत्र ओतायची आणि मग त्यात लोखंडी सळई किंवा विळा बुडवून पाहायचा. पात्यावर तांबूस थर चढला तर समजायचं, पाण्यात मोकळं तांबं उरलंय आणि ते पानं जाळणार. अशा वेळी चुना वाढवायचा.

मोकळं तांबं आणि बांधलेलं तांबं हा जो फरक विळ्याच्या पात्यावर दिसतो, तोच माशाच्या कल्ल्यावर चालतो. एकूण तांबं किती, यापेक्षा त्यातलं मोकळ्या आयनाच्या रूपात किती, हे महत्त्वाचं. जड पाणी, ज्यात साबणाला फेस येत नाही आणि तूरडाळ लवकर शिजत नाही, ते माशाला इथे तारतं: त्यातलं कॅल्शियम कल्ल्यावरच्या जागा आधीच अडवून बसतं आणि कार्बोनेट तांब्याला बांधतं. कुजलेल्या पालापाचोळ्यातून उतरणारा, पाण्याला चहासारखा रंग देणारा सेंद्रिय अंशही तांब्याला धरून ठेवतो. याउलट पाणी आम्लधर्मी आणि क्षार कमी असलेलं असेल, तर थोडं तांबंही पुरेसं घातक ठरतं. एकाच जातीच्या ट्राउटसाठी मारक मात्रा मऊ पाण्यात वीस-तीस मायक्रोग्रॅम तर जड पाण्यात काही शे असू शकते. हे सगळं गणितात बसवणारं जैविक बंध प्रतिमान 2001 मध्ये मांडलं गेलं, आणि 2007 मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने गोड्या पाण्यातल्या तांब्याचे निकष त्यावर आधारले. नदीगणिक मर्यादा वेगळी काढायची, हा त्यातला विचार.

नाकाच्या बाबतीत मात्र जड पाण्याचा हा आधार तोकडा पडतो. कोहोच्या पिल्लांवर केलेल्या मोजमापांत कॅल्शियम वाढवून घ्राणशक्ती फारशी वाचली नाही. सेंद्रिय अंशाने मात्र वाचली. कल्ल्याचं संरक्षण पाहून ठरवलेली मर्यादा नाकाला पुरेलच असं नाही.

बोर्डोच्या हिशेबातली एक बेरीज इथे करून टाकायला हवी. मोरचुदात सुमारे 25 टक्के तांबं असतं. म्हणजे एक टक्का बोर्डोच्या एका लिटरात अडीच ग्रॅम, अर्थात 25 लाख मायक्रोग्रॅम तांबं. फवारणीनंतर उरलेलं दहा लिटर मिश्रण ओढ्यात ओतलं तर त्यातलं तांबं पाच लाख लिटर पाण्याला 48 मायक्रोग्रॅमपर्यंत न्यायला पुरतं. चुन्याने बांधलेलं असल्यामुळे ते सगळं एकदम मोकळं होत नाही, बरंचसं तळाशी बसतं. तरी पंप ओढ्यात विसळण्याआधी विचार करावा असा हा आकडा आहे. त्यातही सह्याद्रीच्या उतारावरचे ओढे पावसाच्या पाण्याचे, क्षार कमी असलेले. सुपारीवरच्या कोळेरोगासाठी फवारणी होते ती नेमकी पावसाच्या आगेमागे.

शेततळ्यात मासे पाळणाऱ्यांची गोष्ट वेगळी आणि जास्त थेट आहे. शेवाळ मारायला मोरचूद टाकण्याची पद्धत जुनी. अमेरिकेच्या कृषी खात्याने 1904 मध्येच तिच्यावर पुस्तिका काढली होती. मत्स्यपालनातला ठरलेला नियम असा की पाण्याची अल्कता मोजायची, तिला 100 ने भागायचं, आणि येईल तेवढेच मिलिग्रॅम मोरचूद लिटरमागे वापरायचं. अल्कता 50 च्या खाली असेल तर मोरचुदाला हातच लावायचा नाही. विहिरीच्या जड पाण्यावर भरलेल्या तळ्यात जे चालून जातं, ते प्लास्टिक अंथरलेल्या, पावसावर भरलेल्या तळ्यात रोहू-कटल्याच्या जिवावर बेतू शकतं. आणि मात्रा बरोबर असली तरी दुसरा फास आहेच: एका दिवसात मेलेलं सगळं शेवाळ कुजायला लागतं, ऑक्सिजन खातं, आणि पहाटे मासे उताणे पडलेले दिसतात. गोगलगायींचाही याने फडशा पडतो. गंमत अशी की गोगलगाय, खेकडा, कोळंबी यांचं रक्तच तांब्यावर चालतं. आपल्या हिमोग्लोबिनात लोह असतं तिथे त्यांच्या हिमोसायनिनात तांबं. तरीही पाण्यातल्या मोकळ्या तांब्याने ते माशाइतकेच, काही वेळा आधी मरतात. रक्तात असलेली गोष्ट कल्ल्यावर सोसतेच असं नाही.

अधूनमधून मोबाइलवर एक संदेश फिरतो, की पूर्वज नदीत तांब्याची नाणी टाकत ते पाणी शुद्ध व्हावं म्हणून. वाहत्या नदीच्या मानाने चार नाण्यांतून उतरणारं तांबं नगण्य, त्यामुळे त्याने ना जंतू मेले ना मासे. पण दावा खरा करून दाखवायला कुणी पुरेसं तांबं टाकलंच असतं, तर आधी नदी माशांवाचून राहिली असती.

पुरेसं तांबं नदीत पडतं तेव्हा काय होतं, याचे दाखले आहेत. चीनच्या फूजियान प्रांतात 3 जुलै 2010 रोजी त्झिजिन कंपनीच्या तांब्याच्या कारखान्यातून सुमारे 9,100 घनमीटर आम्लयुक्त तांब्याचं द्रावण थिंग नदीत गेलं. अधिकृत आकड्यानुसार 1,900 टनांच्या आसपास मासे मेले, त्यातले पुष्कळसे पिंजऱ्यांत पाळलेले. कंपनीने ही गोष्ट जाहीर केली नऊ दिवसांनी. झांबियातल्या चांबिशी इथे 18 फेब्रुवारी 2025 रोजी खाणीच्या गाळाचा बांध फुटला, आम्लाचा लोंढा काफुए नदीला मिळाला आणि किटवे शहराचा पाणीपुरवठा थांबवावा लागला.

बांध फुटल्याशिवायही हे घडतं. अमेरिकेच्या मोंटाना राज्यात ब्यूट आणि अ‍ॅनाकोंडा इथल्या खाणी व भट्ट्यांचा गाळ 1908 च्या पुराने क्लार्क फोर्क नदीच्या काठाकाठाने पसरला. पुढची कित्येक दशकं उन्हाळ्यात एक खेळ चाले. कोरड्या हवेत गाळातला ओलावा वर ओढला जाई, सुकताना मागे निळसर-हिरव्या क्षारांचा पापुद्रा सोडी. मिठागरात मीठ फुलतं तसं तांबं जमिनीवर फुललेलं. मग एखाद्या दुपारी वळवासारखी सर आली की तो सगळा पापुद्रा तासाभरात नदीत. खाली ट्राउट मरून तरंगत. आठवड्यातून एकदा नमुना घेणाऱ्याच्या बाटलीत यातलं बहुधा काहीच सापडलं नसतं.

तांबं शहरातूनही येतं, आणि खाणीपेक्षा कितीतरी गुपचूप. मोटारीच्या ब्रेक पॅडमध्ये उष्णता वाहून नेण्यासाठी तांबं घातलं जाई. प्रत्येक वेळी ब्रेक दाबला की त्याची पूड रस्त्यावर आणि पहिल्या पावसात गटारातून नदीत. कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन या राज्यांनी 2010 मध्ये कायदे करून हे प्रमाण 2021 पर्यंत 5 टक्क्यांच्या आणि 2025 पर्यंत अर्ध्या टक्क्याच्या खाली आणायला लावलं. गाडीच्या ब्रेकचा कायदा माशाच्या नाकासाठी व्हावा, हे तसं अपूर्वच. मात्र सगळाच दोष तांब्यावर ढकलणंही चुकीचं ठरलं असतं. सिअ‍ॅटलच्या परिसरात पावसानंतर अंडी घालायला आलेले मोठे कोहो तडफडून मरत. धातूंवर संशय होता, पण धातूंच्या मिश्रणाने तसं मरण प्रयोगात घडेना. खरा गुन्हेगार 2020 मध्ये सापडला तो टायरमधल्या एका रसायनापासून बनणारा पदार्थ होता.

तांबं थांबवलं तर नदी पुन्हा भरते का, याचाही एक दाखला आहे. अमेरिकेच्या आयडाहो राज्यातल्या ब्लॅकबर्ड खाणीचं तांबं ज्या पँथर क्रीकमध्ये उतरत होतं, तिथे 1960 च्या दशकापासून 1980 च्या दशकापर्यंत सुमारे 40 किलोमीटरच्या पट्ट्यात एकही मासा नव्हता. पाणी सुधारण्याचं काम 1995 मध्ये सुरू झालं. 2002 पर्यंत तांबं 90 टक्क्यांच्या आसपास घटलं. आधी आले रेनबो ट्राउट. तांब्याची पातळी निकषाच्या तिप्पट असतानाच त्यांनी रिकाम्या पाण्यात पाय रोवले. मग समुद्राकडून चिनूक परतले, आणि काम सुरू झाल्यापासून साधारण 12 वर्षांत ट्राउट-सॅल्मनची संख्या शेजारच्या निरोगी पाण्याइतकी झाली. तळाशी दगडांच्या आडोशाने राहणारा, फार लांब न पोहणारा बोटभर स्कल्पिन मासा मागाहून, हळूहळू सरकत आला. दगडांखालच्या किड्यांचं एकूण वजन वाढलं, पण जाती पूर्ण भरून आल्या नाहीत. निरोगी ओढ्यात असतात त्यांच्या 70 ते 90 टक्क्यांवर येऊन त्यांची संख्या वर्षानुवर्षं तिथेच अडली.